निरोपासाठी राखलेले दोन दिवस

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना प्रकरण अभ्यास लिहायला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. पहिल्याच तासाला फळ्यावर एक नियम लिहायची: घरच्या माणसाचं प्रकरण घ्यायचं नाही. आज तो मोडते आहे. माझ्या भावाचं, एका बेटाचा निरोप घेणं राहून गेल्याचं हे प्रकरण दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्यासारखं नाही आणि त्यात माझाही हात आहे. कसा, ते पुढे येईल.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होता. 2010 मध्ये नोकरी संपली तेव्हा फंडाचे पैसे घेऊन तो लंकावीला गेला आणि एक जुनी, अडतीस फुटी शिडाची बोट विकत घेऊन बसला. लंकावी हे मलेशियाचं करमुक्त बेट. जगभर फिरून दमलेले लोक आपल्या बोटी तिथे विकायला लावतात. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने गेला आणि दादा-वहिनी बोटीवर राहायला गेले. फिरायला नव्हे, राहायला. नातेवाइकांनी दोन वर्षं धरली होती. नऊ झाली.

किनाऱ्यावरची माणूस मी. भाडेकरूचा करार, बँकेची पत्रं, वहिनीच्या आईची चौकशी आणि हवामान, हे माझ्याकडे. बोटीवर उपग्रहावरून संदेश पाठवायचं हातात मावेल एवढं यंत्र होतं. एका संदेशात 160 अक्षरं. मी रात्री जेवणं उरकली की संगणकावर वाऱ्याचे नकाशे उघडायची आणि जे दिसेल ते 160 अक्षरांत कोंबून धाडायची. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. दादा मलाच शिमला ऑफिस म्हणायचा. “शिमला ऑफिसचा निरोप आला का?” असं तो रोज विचारतो, हे वहिनीने मला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

जागा

नकाशावर पुण्यावर बोट ठेवा आणि सरळ खाली या. गोव्याचा किनारा, मग मालदीव, मग विषुववृत्त, आणि त्याच्याही खाली पाच अंशांवर छागोस द्वीपसमूह. त्यातलं सॉलोमन हे एक लहानसं कंकणाकृती प्रवाळबेट. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांशी त्याचा संबंध नाही. नारळीच्या बेटांची माळ आणि मधोमध शांत पाण्याचं लगून. मालदीवच्या दक्षिण टोकापासून शिडावर दोन-तीन दिवस. दुकान नाही, डॉक्टर नाही, वस्ती नाही. पुण्यातली मध्यान्ह झाली की सहा-सात मिनिटांनी तिथली होते. एवढ्या आडबाजूला असूनही ते दोघं माझ्याच उन्हात आहेत, या कल्पनेने मला फार धीर यायचा.

वस्ती नाही याचं कारण निसर्ग नव्हे. दिएगो गार्सिया या द्वीपसमूहातल्या सगळ्यात मोठ्या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा म्हणून 1968 ते 1973 या काळात ब्रिटनने छागोसमधली सगळी माणसं उठवली आणि मॉरिशस, सेशेल्सला नेऊन सोडली. दीड-दोन हजार लोक. दिएगो गार्सियावरचे त्यांचे कुत्रे 1971 मध्ये मारून टाकले. सॉलोमनमधल्या बोदाम बेटावर त्यांच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, विहीर आहे, थडगी आहेत. विहिरीला पाणी आहे.

बोटींवर राहणाऱ्यांत छागोसचं नाव काशीसारखं घेतात. पूर्वी लोक तिथे महिनेच्या महिने नांगर टाकून राहायचे. मग नियम आवळत गेले. ब्रिटिश प्रशासनाकडून परवाना आधी काढायचा, तोही जास्तीत जास्त 28 दिवसांचा. बोट बुडालीच तर अवशेष हलवण्याचा आणि माणूस आजारी पडलं तर बाहेर काढण्याचा विमा दाखवायचा. 1 एप्रिल 2010 रोजी सगळा भाग संरक्षित सागरी क्षेत्र जाहीर झाला. आठवण म्हणून तिथून काही उचलून आणायची सोय नाही.

दादा-वहिनी 2013 मध्ये तिथे पहिल्यांदा गेले आणि त्या जागेने दोघांना पार वेडं केलं. दुसऱ्यांदा गेले ते 2018 मध्ये, शेवटचं म्हणूनच. दादाचे गुडघे बोलायला लागले होते, वहिनीची आई सहकारनगरमध्ये चौऱ्याऐंशीची होती, आणि विमा कंपनीने कळवलं होतं की डोलकाठीच्या तारा बदलून, बोट पाण्याबाहेर काढून तपासणी केल्याशिवाय पुढच्या वर्षी विमा नाही. विमा नाही तर परवाना नाही. तारा बदलायचा खर्च बोटीच्या किमतीशी ताडून पाहिला आणि दोघांनी ठरवलं. छागोस, मग सेशेल्स, मग दक्षिण आफ्रिका, तिथे बोट विकायची आणि घरी यायचं.

थोडक्यात, निरोप अचानक आलेला नव्हता. सगळं माहीत होतं. माहीत असूनही जे बिनसलं, ते या प्रकरणाचं मूळ आहे.

28 दिवस

परवाना 2 ते 29 मेचा. पुढे सेशेल्सपर्यंत हजारेक सागरी मैल पाणी, मध्ये काही नाही. त्यामुळे दादाने पहिल्याच दिवशी कामांची यादी केली: समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा पंप, जनरेटर, मोठ्या शिडाची उसवलेली शिवण, सुकाणूच्या तारा. रोजचं एक काम. आणि यादीच्या शेवटी त्याने लिहिलं: “28, 29: काही नाही.” हे दोन दिवस फक्त जागेसाठी. पोहायचं, बेटावर फिरायचं, बसून बघायचं.

वहिनीने यादी केली नाही. ती पहिल्या दिवसापासून एकेक गोष्ट शेवटची म्हणून करायला लागली. 2013 मध्ये ती ज्या प्रवाळाच्या खडकाभोवती रोज पोहायची, तो तिने शोधून काढला. खडक तोच होता, प्रवाळ मेलेलं होतं. 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं पाणी तापलं आणि छागोसचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडून मेलं. टेबलाएवढे पसरलेले थर मोडून खाली पडले होते, त्यावर शेवाळ. ती तरी रोज तिथेच जात राहिली. पाचव्या की सहाव्या दिवशी तिला त्या मेलेल्या थरावर रुपयाएवढी नवी जांभळी टिकली दिसली. मग दुसरी. शेवटी सतरा मोजल्या. वहीत सतरा ठिपके काढले आहेत, कोणता कोणाच्या शेजारी ते दाखवून.

बोदामला जायची तेव्हा झावळीचा खराटा करून थडग्यांवरचा पाचोळा झाडायची. दादा म्हणाला, “अगं, कोणासाठी? महिन्याभरात पुन्हा तेवढाच पडेल.” त्यावर वहिनीने त्याला आईची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दादाला ती ठाऊक नव्हती.

वहिनीचं आजोळ पानशेत धरणाच्या पाण्यात गेलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं ते पुण्याला पाठ आहे; ते बांधताना वरच्या अंगाला कोणाची घरं गेली, हे शहरात फारसं कोणी विचारत नाही. गाव सोडायच्या दिवशी वहिनीच्या आजीने पहाटे उठून घर झाडलं आणि सारवलं. वहिनीची आई तेव्हा ऐन पंचविशीत, माहेरी मदतीला गेलेली. ती म्हणाली, “आई, आता हे पाण्यातच जायचं ना?” आजी म्हणाली, “म्हणून काय उकिरडा करून जायचं?” ओल्या सारवणावर पाऊल उमटू नये म्हणून सगळे मागच्या दाराने निघाले.

दादाने ऐकून घेतलं आणि पंप उघडायला खाली गेला. यात त्याची निष्ठुरता नाही. पंप गळत होता.

26 मे

25 मेच्या रात्री मी नकाशे बघितले. 27 पासून तीन दिवस दाट ढग आणि वायव्येकडून झोडपणाऱ्या सरी दिसत होत्या. शिडाच्या बोटीला याचे दोन अर्थ. एक, ते फुके बेटाच्या आडोशाला नांगरलेले होते आणि वायव्येचा वारा सुटला तर मागे प्रवाळाची भिंत. दुसरा जास्त पेचाचा: लगूनमधून बाहेर पडायची वाट डोळ्यांनी बघत काढावी लागते. ऊन वरून, पाठीशी असेल तरच पाण्यातले खडक तपकिरी दिसतात. ढग आले की सगळं पाणी एकाच राखी रंगाचं. 27 ला अडकलात तर परवाना संपेपर्यंत निघता येईलच याची खात्री नाही.

मी लिहिलं: 27 ते 29 दाट ढग, वायव्य 25 नॉट, सरी. 26 ला दुपारपूर्वी निघा.

मराठीत निरोप या एकाच शब्दाने दोन कामं भागतात. तो निरोप मी पाठवला.

सकाळी दहाला ते नांगर उचलायला गेले तर साखळी प्रवाळाच्या खडकाला वेढे घालून बसलेली. तिथे हे नेहमीचंच. बोट वाऱ्याबरोबर गोल फिरत राहते आणि तळाशी साखळी खडकांभोवती गुंडाळत जाते, म्हणून साखळीला जागोजागी फ्लोट बांधून ती अधांतरी ठेवतात. एक फ्लोट सुटला होता. वहिनी मास्क लावून पाण्यात उतरली. ती वर तरंगत खाली बघणार आणि हात वर करून दिशा दाखवणार. दादा सुकाणू वळवणार, धावत पुढे जाऊन साखळी ओढायचं यंत्र चालवणार, पुन्हा सुकाणूवर. डावीकडे, थांब, मागे, थांब. अडीच तास.

या अडीच तासांत वहिनीने शेवटचं काय बघितलं ते तिने मला तासभर सांगितलं: साखळीच्या कड्यांतून ये-जा करणारे निळे मासे, एक ईल, वाळूवर साखळीने ओढलेल्या रेघा. दादाने काय बघितलं? पाण्याबाहेर आलेला वहिनीचा हात. “कोपरापासून वरचा. बांगडी होती. बाकी काही सांगता येत नाही,” म्हणाला.

साडेबाराला साखळी सुटली. ऊन अजून दीड-दोन तास उपयोगाचं होतं. निघाले. वाट ओलांडून खोल पाण्यात आल्यावर वहिनी मागे वळून मोठ्याने म्हणाली, “जाते गं.”

दादा चिडला. आपल्याकडे जातो असं कोणी म्हणतं का? घरातून भाजी आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो. “येते म्हण,” तो म्हणाला. वहिनी म्हणाली, “यायचं नाहीये ना आता. खोटं कशाला बोलू?” दादा एकटाच “येतो” म्हणाला आणि शिडाकडे बघायला लागला.

पुढचं ऐकायला मला आठ महिने लागले, कारण दोघांनी ते माझ्यापासून लपवलं होतं. मागे राहिलेल्या एका बोटीकडून त्यांना नंतर कळलं की 27 लख्ख उजाडला. 28 ला दुपारी ढग आले, तेही विरळ. वाऱ्याचा वेग पंधरा नॉटच्या वर गेला नाही. दोन नाही, तरी दीड दिवस मिळाला असता.

पुण्यात

बोट दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरात विकली गेली. दलालाने चार महिने लटकवलं, त्याची कहाणी वेगळी आणि कंटाळवाणी आहे. मार्च 2019 मध्ये दोघं कोथरूडला आले, तिसऱ्या मजल्यावर.

वहिनी पंधरा दिवसांत रुळली. आईकडे सहकारनगरला रोज जायची, मंडईत भाव करायची, पाणी भरपूर असूनही भांडी मात्र वाटीभर पाण्यात घासायची. दादाचं गाडं अडलं. रात्री दर तीन तासांनी जाग, पहाऱ्याची सवय. हे जहाजावरच्या प्रत्येकाला होतं, आम्ही लक्ष दिलं नाही. पण जूनमध्ये पहिला वळवाचा वारा सुटला, तेव्हा तो अंथरुणातून उठून थेट गॅलरीत गेला आणि कठड्यावरून खाली बघत उभा राहिला. वहिनीने विचारलं तर म्हणाला, “नांगर सरकला का बघतोय.” चेष्टेत म्हणाला. पण तसं रोजच व्हायला लागलं. रविवारी खडकवासल्याला नेलं तर चौपाटीवरची गर्दी आणि कणसं सोडून धरणाच्या पाण्यावरच्या वाऱ्याच्या लाटा मोजत बसला. बोटीचा विषय काढला की व्यवस्थित बोलायचा, किंमत, गिऱ्हाईक, सगळं. सॉलोमनचा काढला की उठून पाणी प्यायला जायचा.

भाऊबंदांचं निदान तयार होतं: वहिनी खंबीर, दादा हळवा. मला हे पटत नव्हतं. हाच दादा तेहतीस वर्षं दर काही महिन्यांनी जहाजं बदलत आला होता आणि एकाही बंदरासाठी झुरला नव्हता.

दोन वह्या

ऑगस्टमध्ये मी दोघांकडून 2018 च्या वह्या मागून घेतल्या आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. 9 मे, दादा: “बॅटरी 12.4. जनरेटर दीड तास. पंपाचं सील बदललं. गळती चालू.” 9 मे, वहिनी: “विहिरीवर चादरी धुतल्या. रहाटाच्या दगडाला दोराच्या खाचा आहेत, बोट पूर्ण आत जातं. किती वर्षं ओढला असेल दोर.” पंचवीस पानं अशीच. एकाच लगूनमध्ये, एकाच बोटीवर. दादाच्या वहीत जागेचा उल्लेख तीन वेळा, तिन्ही वेळा नांगराच्या खोलीसंबंधात.

तेव्हा मला हे प्रकरण उलगडलं. फरक स्वभावाचा नव्हताच, कामाच्या वाटणीचा होता. त्या पंचवीस दिवसांत वहिनी निरोप घेऊ शकली कारण दादा पंपाखाली पडलेला होता. हजार मैलांवर पिण्याचं पाणी त्या सीलवर अवलंबून होतं. कोणीतरी वाकून काम करायचंच होतं. त्याने आपला वाटा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलला आणि शेवटचे दोन दिवस समुद्रावर कोणाच्याच मालकीचे नसतात. निघण्याची तारीख ऊन ठरवतं, परवाना ठरवतो, कोथरूडला बसलेली बहीण ठरवते.

अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात संदिग्ध वियोगाची कल्पना मांडली: माणूस गेलंय की आहे हे पक्कं नसलं की दुःखाला तोंडच फुटत नाही. मी ती वर्गात शिकवत आले. इथे ती अर्धीच लागू पडते. जागा जागेवरच आहे. दादा तिथे होता की नव्हता, तेच संदिग्ध होतं.

मग आम्ही आठ रविवार बसलो. वहिनी आपल्या वहीतला एक दिवस वाचायची आणि दादाने त्याच दिवसाच्या त्याच्या ओळीत आणखी काय होतं ते आठवायचं. सल्ला नाही, सांत्वन नाही. चहा मी करायची. पहिले दोन रविवार नुसती बॅटरी आणि सील. तिसऱ्या रविवारी तो 9 मेवर अडला. म्हणाला, “सील तिसऱ्यांदा उघडलं ना, तेव्हा फुस्स असा आवाज यायचा. मला वाटलं पंप हवा ओढतोय. सगळे जोड तपासले. मग आवाज पंप बंद असतानाही आला. वर येऊन बघतो तर बोटीला लागून कासव. श्वास घ्यायला वर येत होतं.” थोडा वेळ थांबला. “मी त्याला हाकललं नाही. दहा मिनिटं बघत होतो. हे मी लिहिलंच नाही.”

वहिनीला हे कासव माहीत नव्हतं. ती त्या वेळी विहिरीवर होती. तिने ते स्वतःच्या वहीत 9 मेच्या पानावर लिहून घेतलं, तेव्हा दादाचा चेहरा मी बघितला.

त्यानंतर येत गेलं. शिवण घालताना सुईवर बसलेला पक्षी. गस्ती जहाजावरचे लोक कागद तपासायला आले त्यांनी मागितलेलं लोणचं. आणि 26 मे. आठव्या रविवारी मी माझ्या निरोपाबद्दल बोलले, माफी मागितली. दादा म्हणाला, “शिमला ऑफिस, पुन्हा तेच नकाशे समोर आले तर काय लिहिशील?” मी खरं सांगितलं: तेच लिहीन. “मग झालं,” म्हणाला. माझं झालं नाही, पण ते माझं प्रकरण आहे.

पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही. वारा सुटला की अजून उठतो. गॅलरीत न जाता पाणी पिऊन झोपतो. 2020 च्या टाळेबंदीत मात्र आमच्या सोसायटीत सगळ्यात निवांत माणूस तोच होता. कडधान्यं मोजून भरलेली, कुंडीत कोथिंबीर, शेजाऱ्यांना यीस्टशिवाय पाव कसा करायचा ते शिकवत होता.

विद्यार्थ्यांनी विचारलं असतं, मॅडम, तुम्ही काय वेगळं केलं असतं? मी त्या दोघांना पहिल्या आठवड्यातच कामं अदलाबदल करायला सांगितलं असतं. वहिनीला सील बदलता येतं, उत्तम येतं. चार दिवस तिने पंपाखाली जायचं आणि चार दिवस दादाने खराटा घेऊन बोदामला. एवढंच. पण तेव्हा मी फक्त वारा बघत होते.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने छागोस मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सह्या केल्या. दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर राहणार, बाकीच्या बेटांवर मॉरिशसला लोक वसवता येतील, असं त्यात आहे. दादाने बातमी दोनदा वाचली आणि म्हणाला, “म्हणजे आता मॉरिशसकडून परवाना काढून…” वहिनी शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, “ज्यांची थडगी आहेत त्यांना आधी जाऊ दे की.”

बोटीवरचा हातातला जुना जीपीएस दादाने पुण्याला आणला होता. देव्हाऱ्याखालच्या खणात असायचा. सुरू केला की कोथरूडपासून सॉलोमनच्या नांगराच्या जागेची दिशा दाखवायचा: 184 अंश, अंतर चौदाशेतीसच्या आसपास सागरी मैल. दादा महिन्या-दोन महिन्यांनी तो काढून बघायचा, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी टीव्हीचा रिमोट बंद पडला. वहिनीने खण उघडला, जीपीएसमधले दोन सेल काढले आणि रिमोटमध्ये घातले. दादाने बघितलं आणि आवाज वाढवायला सांगितला.